वाटाण्याची सुरकुती



सभागृहात येताना दारात प्रत्येकाच्या हातावर दोन दाणे ठेवले आहेत. काहींनी ते खिशात टाकले असतील, काहींनी रुमालात बांधले असतील. कृपा करून बाहेर काढा. दोन्ही वाटाण्याचेच. एक गोल, गुळगुळीत, गोटीसारखा. दुसरा आक्रसलेला, बोटाला सुरकुत्या लागणारा. हे दुकानातल्या पाकिटातलं बियाणं नाही, त्याला औषधाचा थर असतो. माझ्या एका मैत्रिणीने पुरंदर तालुक्यातल्या तिच्या शेतात हे राखलं आहे, तेव्हा मुलांच्या हातात गेलं तरी काळजी नको.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला वनस्पतिशास्त्र शिकवलं. १९७९ साली मी त्यांच्या वर्गात होते. मेंडेलचा धडा आला तेव्हा सरांनी फळ्यावर काही लिहिण्याआधी असेच दाणे वाटले होते. आधी बोटांनी बघा, मग पुस्तक उघडा, असं त्यांचं सांगणं. मी तेव्हा विचारलं होतं, ‘सर, पण सुरकुती पडते कशामुळे?’ सर बराच वेळ दाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘याचं नेमकं उत्तर अजून कुणाकडे नाही. मिळालं की मला कळव.’ उत्तर मिळालं १९९० साली. मी सरांना पत्र लिहिलं. आज तेच पत्र जरा विस्ताराने आपल्यापुढे वाचते आहे असं समजा.

माझं म्हणणं एकच आहे. गोल की सुरकुतलेला, हिरवा की पिवळा, पांढऱ्या फुलाचा की जांभळ्या, हे फरक शाळेत आपण दिसण्यातले फरक म्हणून शिकलो. परीक्षेत चौकटी भरल्या, तीनास एक लिहिलं, गुण मिळवले. पण हे फरक अन्नाचे आहेत. पोटात गेल्यावर दाणा काय करणार, रक्तात साखर किती वेगाने चढणार, लोह अंगी लागणार की नुसतंच वाहून जाणार, हे त्या सुरकुतीत आणि त्या रंगात लिहिलेलं आहे. आणि बाजार मात्र आपल्याला सांगतो की मटार म्हणजे मटार.

आधी मेंडेलकडे जाऊ. ब्रनो शहरातला मठ, मठाची छोटी बाग. ग्रेगॉर मेंडेलने बियाणेवाल्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण मागवले. लगेच संकर करायला घेतले नाहीत. दोन वर्षं नुसते लावून पाहिले की बाप तसा बेटा येतो की नाही. मग त्यातले २२ निवडले. १८५६ ते १८६३, आठ हंगाम, सुमारे २८ हजार झाडं. गोल आणि सुरकुतलेल्याच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याने २५३ झाडांवरचे ७३२४ दाणे मोजले: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. मोजून बघा, २.९६ ला १. ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन संध्याकाळी त्याने हे सगळं ब्रनोच्या निसर्ग-अभ्यास मंडळापुढे वाचून दाखवलं. तेही असंच व्याख्यान होतं, असाच सभागृहातला श्रोतृवृंद होता. १८६६ साली ते छापून आलं आणि १९०० पर्यंत पडून राहिलं. मेंडेल १८८४ मध्येच गेला.

या गोष्टीतलं एक वाक्य मला नेहमी थांबवतं: बियाणेवाल्यांकडून ३४ वाण. म्हणजे त्या काळी एका गावात बसून बाजारातून वाटाण्याचे ३४ वेगवेगळे वाण मिळू शकत होते! मेंडेलच्या बुद्धीला नमस्कार आहेच, पण ते वाण पिढ्यानपिढ्या वेगवेगळे राखणाऱ्या हातांचं काय? ते हात नसते तर मेंडेलने मोजलं काय असतं?

आता सुरकुती.

वाटाण्याचं झाड पानात साखर तयार करतं आणि शेंगेतल्या दाण्याकडे पाठवतं. दाणा त्या साखरेचा स्टार्च करून साठवतो. स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ. माळा दोन तऱ्हेच्या: एक सरळ, तिला अमायलोज म्हणतात. दुसरी जागोजागी फांद्या फुटलेली, ती अमायलोपेक्टिन. फांद्या आपोआप फुटत नाहीत, त्या फोडायला एक विकर लागतं, म्हणजे आपण ज्याला एन्झाइम म्हणतो ते. इंग्लंडमध्ये नॉर्विचला जॉन इन्स ही संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवलं की सुरकुतलेल्या दाण्यात नेमकं हेच फांद्या फोडणारं विकर तयार होत नाही. त्याच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक परका तुकडा येऊन बसला आहे. चांगल्या चाललेल्या वाक्यात मधेच दुसऱ्याच पोथीतलं पान घुसावं तसा. वाक्य तुटलं, अर्थ गेला, विकर गेलं.

विकर गेल्यामुळे काय झालं? स्टार्च कमी बनला. गोल दाण्यात कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास स्टार्च असतो, सुरकुतलेल्यात तो एक तृतीयांशाच्या घरात येतो. न वापरलेली साखर दाण्यातच राहिली. साखर आली की पाणी आलं, कारण साखर पाणी ओढते. कोवळा असताना हा दाणा पाण्याने टम्म फुगलेला असतो, शेंगेत तो सुरकुतलेला नसतोच. पिकून वाळायला लागला की ते पाणी उडून जातं, आतला ऐवज आक्रसतो आणि साल तेवढीच राहते. मोठ्याचा सदरा लहानाने घालावा तशी तिला घड्या पडतात. सर, ही तुमची सुरकुती.

आणि गोडी? तीही हीच. डिसेंबर-जानेवारीत आपण संध्याकाळी परात घेऊन मटार सोलायला बसतो आणि निम्मे तोंडात टाकतो. ती गोडी याच मोडक्या जनुकाची आहे. इंग्लंडात टॉमस अँड्र्यू नाइट या बागाइतदाराने १७८७ पासून वाटाण्याचे संकर केले आणि सुरकुतलेले गोड वाण लोकांपर्यंत नेले. तेव्हापासून भाजीचा वाटाणा म्हणजे सुरकुतलेल्या बियांचा, असं जवळजवळ ठरूनच गेलं. आपल्याकडे अनेक वर्षं लावले गेलेले आर्केल आणि बोनव्हिले हे दोन्ही बाहेरून आलेले वाणही सुरकुतलेल्या बियांचेच. शेंगा तोडल्यावरही दाणा साखरेचा स्टार्च करतच राहतो, म्हणून आज तोडलेला मटार उद्या कमी गोड लागतो आणि परवा पिठूळ. सासवडच्या बाजारात पहाटे उतरलेली शेंग आणि तीच चार दिवसांनी हातगाडीवर आलेली शेंग, या चवीच्या दृष्टीने दोन वेगळ्या भाज्या आहेत. ज्यांच्या घरी शेतातून मटार येतो त्यांना हे सांगायला नको.

याच्या उलट, आपला रगड्याचा पांढरा वाटाणा गोल बियांचा. तो शिजून फुटतो, दाटतो, म्हणून रगडा होतो. मी एकदा हट्टाने वाळलेल्या सुरकुतलेल्या वाटाण्याचा रगडा करून पाहिला. रात्रभर भिजवला, कुकरला भरपूर शिट्ट्या दिल्या, पण तो दाटेना. दाणे वेगळे, पाणी वेगळं. घरातल्यांनी तो गुमान खाल्ला, पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. सुरकुतलेल्या दाण्याच्या स्टार्चमध्ये सरळ माळांचं प्रमाण ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास असतं, गोल दाण्यात ते सुमारे एक तृतीयांश. सरळ माळा एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. ज्या स्टार्चला कुकर सहज फोडू शकत नाही, त्याला आपल्या आतड्यातले पाचकरस तरी कसे सहज फोडतील?

नाहीच फोडू शकत, आणि इथे खरी मौज आहे. हा स्टार्च लहान आतड्यात पूर्ण न पचता पुढे जातो, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतो, आणि ते जिवाणू त्यापासून आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारी आम्लं तयार करतात. रक्तात साखर एकदम उसळत नाही. २०२० साली जॉन इन्स आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मंडळींनी स्वयंसेवकांना सुरकुतलेल्या वाटाण्याचं जेवण देऊन हे प्रत्यक्ष पाहिलं: साध्या वाटाण्यापेक्षा जेवणानंतरची साखर कमी चढली. या सभागृहात मधुमेहाची गोळी घेऊन आलेले कितीजण आहेत हे मी विचारत नाही. पण मेंडेलने मठाच्या बागेत मोजलेली सुरकुती आणि आपल्या साखरेच्या तपासणीचा कागद यांच्यात सरळ रस्ता आहे, हे मला आज मोठ्याने सांगायचं आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हा गुण पिकलेल्या, वाळलेल्या दाण्याचा. कोवळ्या मटारात स्टार्च अजून भरलेलाच नसतो. तिथे गोडी, तंतू आणि ‘क’ जीवनसत्त्व मिळतं. शंभर ग्रॅम ताज्या मटारात पाचेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि ‘क’ जीवनसत्त्व ४० मिलिग्रॅमच्या आसपास. वाळलेल्या दाण्यात प्रथिनं वीस ग्रॅमच्या वर जातात, पण ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ संपतं. झाड तेच, दाणा तोच, फक्त तोडण्याचा दिवस वेगळा. वाणाइतकीच ही वेळही अन्न ठरवते, आणि माती आणि हवाही. एखाद्या वाणाच्या पाकिटावरचा एक आकडा वाचून कुणी हुरळून जाऊ नये.

आता रंगाकडे येते, थोडक्यात.

पिकताना पान पिवळं पडतं, कारण त्यातलं हरितद्रव्य मोडलं जातं. वाटाण्याचा दाणाही तसाच पिवळा पडतो. पण काही वाणांत हे मोडण्याचं काम सुरूच होत नाही आणि दाणा वाळला तरी हिरवा राहतो. मेंडेलच्या हिरव्या-पिवळ्या बियांचं हे जनुक २००७ साली सापडलं. हिरव्या वाणांत ल्युटीन आणि बीटा कॅरोटीन पिवळ्यांपेक्षा जास्त आढळतं, म्हणजे डोळ्यांना उपयोगी द्रव्यं. हा खरा हिरवा. बाजारात कधी कधी वाळलेल्या वाटाण्याला वरून रंग चढवलेला असतो, आणि त्यातले काही रंग विषारी असतात. घरी आणलेले हिरवे वाटाणे अर्धा तास साध्या पाण्यात टाकून ठेवा. पाणी हिरवं झालं तर ते जनुकाचं काम नाही.

आणि फुलाचा रंग? मेंडेलने स्वतः लिहून ठेवलं आहे की जांभळं फूल असलं की बीची साल तपकिरी-करडी असते, पांढरं फूल असलं की साल पांढरी. दोन्ही एकाच जनुकाच्या हुकमात आहेत. रंगीत सालीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, पांढरीत जवळजवळ नसतं. आता कोकणातल्या मंडळींनी जरा सरसावून बसावं. आंबोळीबरोबर, वड्यांबरोबर जे काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, तो काळा वाटाणा या रंगीत सालीच्या घराण्यातला. त्याची ती किंचित तुरट, मातकट, भरदार चव टॅनिनची आहे. माझी मालवणची मावशी म्हणायची, ‘पांढऱ्याक चव नाय गे, तो नुसतो पोट भरता.’ मावशीच्या जिभेला मेंडेलचं जनुक कळत होतं.

हे टॅनिन दुधारी आहे. ते लोहाला धरून ठेवतं, लोह अंगी लागू देत नाही. पण तेच दाण्याला कीड-बुरशीपासून राखतं आणि आपल्या शरीरातही ऑक्सिडीकरणाला आवर घालणाऱ्या द्रव्यांत मोडतं. मग काळा चांगला की पांढरा? हा प्रश्नच चुकीचा आहे. भिजवून पाणी टाकून देणं, मोड आणणं, वर लिंबू पिळणं, या आपल्या स्वयंपाकघरातल्या रीती लोहाची बरीचशी अडवणूक सोडवतात. लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व तर लोहाला हात धरून आत नेतं. टॅनिनखेरीज फायटेट नावाचं आणखी एक द्रव्य लोह-जस्ताला बांधून ठेवतं. कॅनडातल्या सास्काचेवान विद्यापीठाने वाटाण्याचे असे वाण तयार केले की त्यांत फायटेट सुमारे ६० टक्क्यांनी कमी आहे. म्हणजे हा गुणही वाणावाणात बदलतो, निवडता येतो, वाढवता येतो. निवडायचं ठरवलं पाहिजे एवढंच.

आणि ठरवतं कोण?

मी गेली तीस-पस्तीस वर्षं वाणांची माहितीपत्रकं वाचते आहे. किती दिवसांत तोडणी, शेंगेत दाणे किती, शेंगेची लांबी किती, हेक्टरी उत्पादन किती, भुरी आणि तांबेरा या रोगांना दाद देतो की नाही. हे सगळं शेतकऱ्याच्या जिवाभावाचं आहे, ते असायलाच हवं. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले प्रिया, बंगळुरूच्या संस्थेचा भुरी-तांबेरा सोसणारा अर्का अजित, वाराणसीचा काशी नंदिनी, या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण लोह किती, जस्त किती, स्टार्च कसला, हे रकाने बहुतेक वेळा नसतातच. बाजरीत ते आले: धनशक्ती हा जास्त लोहाचा वाण याच महाराष्ट्रात शेतापर्यंत पोचला. मग मटाराने काय घोडं मारलं आहे?

निवडायला मुळात ठेव लागते, आणि ठेव कुठे आहे ते ऐका. पेरू देशातल्या स्थानिक वाटाण्यांत हारलंड नावाच्या शास्त्रज्ञाला १९४८ साली भुरीला न जुमानणारं झाड सापडलं. आज जगभरातल्या भुरी-प्रतिकारक वाणांत बहुतेक तोच गुण उतरलेला आहे. अफगाणिस्तानातला एक जुना वाण युरोपातल्या मातीतल्या जिवाणूंना मुळावर गाठी करूच देत नाही, तुर्कस्तानकडच्या जिवाणूंशीच त्याचं जमतं. म्हणजे दाण्याबरोबर त्याची मातीसुद्धा आठवण ठेवून असते! पश्चिम आशियातला जंगली पिवळसर फुलांचा वाटाणा दाण्यात शिरणाऱ्या भुंगेऱ्याला तोंड देतो. स्पितीच्या खोऱ्यात थंडीत तग धरणारा काळा मटार होता. तिथे शहरात विकायचा हिरवा मटार नगदी पीक म्हणून आला आणि काळ्याची जागा आक्रसत गेली. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात पैसा आला, मुलं शाळेत गेली. पण त्या काळ्या मटाराचं बी कुणीतरी राखलं पाहिजे की नको?

राखणं म्हणजे काय असतं, यासाठी एकच माणूस सांगते. लिओनिद गोवोरोव. लेनिनग्राडमध्ये पिकांचं बियाणं जमवून राखणाऱ्या निकोलाय वाविलोव यांच्या संस्थेत ते वाटाण्याचे आणि कडधान्यांचे अभ्यासक होते. जगभरातले वाटाणे त्यांनी ओळखले, लावले, वर्गवारी करून लिहून ठेवले. वाविलोवना सरकारने पकडल्यावर १९४१ साली गोवोरोवनाही पकडलं आणि त्याच वर्षी गोळी घातली. वाविलोव १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेले. त्याच काळात लेनिनग्राडला वेढा पडला होता. संस्थेतल्या लोकांपुढे टनावारी धान्य होतं आणि त्यातले काही भुकेने मेले, पण बियाण्याच्या पेट्यांना त्यांनी हात लावला नाही. गोवोरोवांच्या वाटाण्याच्या पेट्याही तिथेच होत्या. मला हे वाचून दाखवताना आजही आवंढा गिळावा लागतो. क्षमा करा.

आज काम पुष्कळ पुढे गेलं आहे. २०१९ साली कामेओर या फ्रेंच वाणाची संपूर्ण जनुकीय लिपी वाचली गेली. सुमारे साडेचारशे कोटी अक्षरं, म्हणजे माणसाच्या लिपीच्या जवळजवळ दीडपट, आणि सगळी सातच गुणसूत्रांच्या जोड्यांत मांडलेली. २०२५ साली जॉन इन्स आणि चीनमधल्या शास्त्रज्ञांनी जवळपास ७०० नमुन्यांची लिपी ताडून मेंडेलने तपासलेल्या सात गुणांपैकी उरलेल्या तीन गुणांची, शेंगेचा रंग, शेंगेचा आकार आणि फुलांची जागा यांची, जनुकं नक्की केली. मेंडेलच्या व्याख्यानाला तेव्हा १६० वर्षं झाली होती. हे शक्य झालं ते त्या ७०० नमुन्यांमुळे, कुणीतरी डबीत भरून, नाव लिहून, दर काही वर्षांनी लावून पुन्हा भरून ठेवलेल्या दाण्यांमुळे. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे १८ अंशांवर अशा डब्या आहेत. पण पेढीत ठेवलेलं बी झोपलेलं असतं. नव्या रोगाशी, नव्या उन्हाशी त्याची ओळख होते ती शेतातच. म्हणून माझी मैत्रीण तिच्या वाफ्याच्या कडेला दरवर्षी दोन ओळी जुन्या बियांच्या लावते, त्यांच्या शेंगा तोडत नाही, वाळू देते. व्यापारी त्या शेंगांना विचारतही नाही. आपल्या हातातले दाणे त्या दोन ओळींतले आहेत.

आता घरी जाल तेव्हा एवढं करा. दोन्ही दाणे दोन वेगळ्या वाट्यांत भिजत घाला आणि कोणत्या वाटीत कोणता ते आठवणीने लिहून ठेवा. कारण सकाळपर्यंत सुरकुतलेला दाणा जास्त पाणी पिऊन बराचसा गोल झालेला असेल आणि नुसत्या नजरेला फरक कळणार नाही. मग कुंडीत बोटभर खोल लावा. अजून थंडी आहे, आठ-दहा दिवसांत कोंब वर येईल. वेलाला चढायला काटकी द्या, दोन-तीन शेंगा तोडू नका, आणि पुढच्या वर्षी याच सभागृहात येताना त्यातले चार दाणे बरोबर आणा. मी दारात परात घेऊन उभी असेन.